चेहरा ओळखीचा, पण नाव काय?

लग्नघरी पंगत बसली आहे. तुम्ही पाण्याचा जग घेऊन वाढपाला मदत करीत आहात. तेवढ्यात पंगतीतले एक गृहस्थ तुमचा हात धरतात आणि विचारतात, "काय रे, ओळखलंस का मला?"

चेहरा चांगलाच ओळखीचा असतो. गेल्या दिवाळीत हे घरी आले होते. त्यांनी पेढ्यांचा पुडा आणला होता, सापाची एक गोष्टही रंगवून सांगितली होती. सगळे आठवते, पण नाव मात्र काही केल्या ओठांवर येत नाही. तुम्ही नुसते हसता, मान डोलावता आणि आई कुठे दिसते का ते पाहू लागता. गृहस्थ शेजाऱ्याकडे वळून म्हणतात, "हल्लीच्या पोरांना माणसांची ओळखच राहत नाही!"

अशा प्रसंगी दोघेही आपापल्या परीने एकेक अनुमान काढतात. तुम्हाला वाटते, आपली स्मरणशक्ती कच्ची. त्यांना वाटते, या मुलाला आपली किंमत नाही. बहुतेक वेळा ही दोन्ही अनुमाने चुकीची असतात. खरे तर त्याच क्षणी तुमच्या मेंदूने एक अवघड काम बिनचूक केलेले असते. मांडवातल्या दोनतीनशे चेहऱ्यांतून त्याने एक चेहरा वेगळा काढला, तो वर्षभरापूर्वी पाहिला होता हे सांगितले, त्या माणसाची गोष्टही शोधून दिली. अडले ते फक्त शेवटच्या पायरीवर. ते का अडले, हे समजून घ्यायचे तर आधी चेहऱ्याचा विचार करावा लागेल आणि मग नावाचा.

हजारो चेहऱ्यांची वही

आपण किती चेहरे ओळखतो? इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी हे मोजण्याचा प्रयत्न केला आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी काही लोकांना तासभर बसवून, ज्यांचे चेहरे डोळ्यांसमोर आणता येतात अशा आपल्या ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितले. नातेवाईक, शेजारी, वर्गमित्र, दुकानदार, जो आठवेल तो. प्रसिद्ध व्यक्तींसाठी असाच आणखी एक तास दिला. जसजसा वेळ गेला तसतशी नवी माणसे सुचण्याची गती मंदावत गेली. त्या गतीवरून पूर्ण यादी किती लांब झाली असती याचा अंदाज बांधला. शिवाय, जे चेहरे एरवी आठवत नाहीत पण छायाचित्र दाखवताच ओळखू येतात, त्यांचाही हिशेब केला. उत्तर आले, माणशी सरासरी सुमारे ५,०००! कोणाचा आकडा हजाराच्या आसपास, तर कोणाचा दहा हजारांपर्यंत.

पाच हजार नावे पाठ करायला कोणी सांगितले तर आपण घाबरून जाऊ. चेहरे मात्र आपण पाठ न करताच साठवीत जातो. याची सुरुवात फार लवकर होते. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जन्मून काही मिनिटेच झालेल्या बालकांसमोर निरनिराळ्या आकृत्या हलविण्यात आल्या. ज्या आकृतीत डोळे, नाक व तोंड जागच्या जागी होते तिच्यामागे बालकांनी आपली नजर व मान अधिक वळविली. तेच डोळे, नाक आणि तोंड विस्कटून काढलेल्या आकृतीकडे त्यांनी तेवढे लक्ष दिले नाही.

ही देणगी एकट्या माणसालाच आहे असेही नाही. धनगर आपल्या कळपातली प्रत्येक मेंढी ओळखतो याचे आपल्याला कौतुक वाटते. पण मेंढ्याही एकमेकींना चेहऱ्यावरून ओळखतात! २००१ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले की, मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे शिकू शकतात आणि ते दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवतात.

नाक, डोळे आणि त्यांची बेरीज

सर्व माणसांचे चेहरे मूळ आराखड्याने सारखेच असतात. वर दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड. मग आपण ते वेगळे कसे ओळखतो? 'प्रत्येकाचे नाक वेगळे, डोळे वेगळे, म्हणून', असे उत्तर चटकन सुचेल. पण जरा डोळे मिटून आपल्या आईच्या नाकाचे वर्णन शब्दांत करून पाहा. वर्णन असे व्हायला हवे की, त्यावरून एखाद्या परक्या माणसाने तिला बाजारात ओळखले पाहिजे. जमत नाही ना? आणि तरीही गर्दीत आई तुम्हाला एका क्षणात ओळखू येते.

याचे कारण असे की, आपला मेंदू चेहऱ्याचे अवयव सुटे सुटे मोजत बसत नाही. डोळ्यांतील अंतर, नाकापासून ओठापर्यंतची जागा, हनुवटीचा उतार या सगळ्यांचा मिळून जो एक घाट तयार होतो, तो घाट मेंदू एकदम टिपतो. हे सिद्ध करण्याची एक साधी युक्ती आहे. चित्र उलटे धरायचे. १९६९ साली रॉबर्ट यिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना चेहऱ्यांची, घरांची आणि विमानांची चित्रे सरळ व उलटी दाखविली. उलटी चित्रे ओळखणे सर्वच बाबतींत थोडे कठीण गेले, पण चेहऱ्यांच्या बाबतीत ते फारच कठीण गेले. घर उलटे केले तरी खिडक्या मोजता येतात. चेहरा उलटा केला की अवयव तेच राहतात, पण घाट हरवतो.

हा प्रयोग तुम्हीही करू शकाल. एखाद्या जुन्या वर्तमानपत्रातून हसऱ्या चेहऱ्याचे मोठे छायाचित्र कापून घ्या. त्यातील दोन्ही डोळे व तोंड यांचे चौकोन कात्रीने अलगद कापा आणि तेवढेच तुकडे उलटे करून पुन्हा त्याच जागी डिंकाने चिकटवा. आता सगळे छायाचित्र उलटे करून मित्राला दाखवा. त्याला फारसे काही वावगे दिसणार नाही. मग छायाचित्र सरळ करा. मित्र दचकेल! तोच चेहरा एकदम भेसूर दिसू लागतो. १९८० साली पीटर थॉमसन यांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रावर ही करामत करून दाखविली. त्यामुळे तिला 'थॅचर भ्रम' असेच नाव पडले आहे.

मात्र नवखा चेहरा आणि रोजचा चेहरा आपण सारख्याच रीतीने पाहत नाही. नव्याने भेटलेल्या माणसाच्या बाबतीत आपली नजर केस, कपाळ आणि चेहऱ्याची कड यांवर फार विसंबते. चेहरा परिचयाचा झाला की डोळे, नाक, तोंड या आतल्या भागांचे महत्त्व वाढते. म्हणूनच एकदाच भेटलेल्या माणसाने केस कापले किंवा टोपी घातली की आपली फसगत होते. उलट बाबांनी मिशी काढली तर आपण चकित होतो, पण बाबांना ओळखायला चुकत नाही.

मेंदूतील एक खास जागा

चेहरे ओळखण्याचे हे काम मेंदूत कोठे चालते? १९७० नंतरच्या दशकात चार्ल्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माकडांच्या मेंदूत अशा चेतापेशी आढळल्या की, ज्या चेहरा दिसताच जोराने संदेश पाठवीत आणि इतर वस्तू दिसल्या तर जवळजवळ गप्प राहत. पुढे एम. आर. आय. यंत्राच्या साहाय्याने जिवंत माणसाच्या मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो हे पाहता येऊ लागले. १९९७ साली नॅन्सी कॅनविशर यांनी माणसाच्या मेंदूच्या तळाशी, कानाच्या मागच्या बाजूस, एक लहानसा भाग दाखविला. चेहरे पाहताना हा भाग इतर वस्तू पाहण्याच्या मानाने खूपच अधिक कार्यरत होतो. बहुतेकांत तो उजव्या बाजूस अधिक ठळक असतो.

या भागाला किंवा त्याच्याशी जोडलेल्या मार्गांना इजा झाली तर? १९४७ साली योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी अशा एका तरुणाची हकिगत प्रसिद्ध केली. डोक्याला गोळी लागून तो जखमी झाला होता. त्याची दृष्टी शाबूत होती. समोर चेहरा आहे, त्याला नाक आहे, डोळे आहेत, हे सारे त्याला दिसे. पण तो चेहरा कोणाचा हे मात्र कळत नसे. घरच्या माणसांचे चेहरे त्याला परके झाले. आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येईना. पण तीच माणसे बोलू लागली की आवाजावरून तो त्यांना ओळखत असे. बोडामर यांनी या विकाराला 'प्रोसोपॅग्नोसिया' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'प्रोसोपॉन' म्हणजे चेहरा आणि 'अग्नोसिया' म्हणजे न उमजणे. आपण त्याला 'चेहराअंधत्व' म्हणू.

पुष्कळ वर्षे डॉक्टरांना असे वाटत होते की, हा विकार डोक्याला मार लागल्याने किंवा मेंदूच्या आजारानेच होतो आणि तो अत्यंत विरळा आहे. आता असे दिसून आले आहे की, कसलीही इजा न होता काही जण जन्मापासूनच चेहरे ओळखण्यात फार कच्चे असतात. निरनिराळ्या पाहण्यांवरून दर शंभरात साधारण दोघांना हा त्रास असावा असा अंदाज आहे. म्हणजे मोठ्या शाळेत अशी काही मुले असणारच! त्यांची बुद्धी उत्तम असते, चष्म्याचा नंबरही नसतो. चिंपांझींच्या अभ्यासासाठी जगप्रसिद्ध झालेल्या जेन गुडाल यांना ही अडचण होती. मेंदूच्या विकारांवर सुंदर पुस्तके लिहिणारे डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनाही ती होती. सॅक्स यांनी लिहिले आहे की, एकदा वाटेत एका दाढीवाल्या माणसाला आपला धक्का लागणार असे वाटून त्यांनी त्याची क्षमा मागितली. समोर आरसा होता आणि तो दाढीवाला म्हणजे ते स्वतःच होते!

अशी व्यक्ती आवाज, चाल, केसांची ठेवण, कपडे यांवरून माणसे ओळखायला शिकते. आता शाळेचा विचार करा. सर्वांना एकच गणवेश, सर्व मुलींच्या दोन वेण्या आणि एकाच रंगाच्या रिबिनी. ओळखण्याच्या खुणा आपणच पुसून टाकलेल्या असतात. त्यात एखादी मुलगी मधल्या सुट्टीत मैत्रिणीच्या समोरून न बोलता निघून गेली की लगेच शिक्का बसतो, 'फार शिष्ट आहे ती!' खुद्द तिलाही आपण वेगळे आहोत हे ठाऊक नसते. तिला वाटते, सगळ्यांना असेच दिसते, फक्त आपणच प्रयत्न कमी करतो. रंगांधळ्या मुलाला लाल-हिरवा ओळखता आला नाही तर आपण त्याला उद्धट म्हणत नाही. चेहराअंधत्वाच्या बाबतीतही तोच न्याय लावला पाहिजे.

नाव शेवटच्या पायरीवर

आता नावाकडे वळू. १९८५ साली ब्रिटनमधील तीन मानसशास्त्रज्ञांनी २२ जणांना एक गंमतीचे काम दिले. आठ आठवडे वही जवळ ठेवायची आणि माणसे ओळखताना जी जी चूक होईल ती लगेच टिपून ठेवायची. अशा सुमारे एक हजार चुका गोळा झाल्या. त्यांत काही चुका वारंवार आढळल्या. कधी ओळखीचा चेहरा ओळखूच आला नाही. कधी चेहरा ओळखीचा वाटला, पण कोण ते कळेना. रोजची भाजीवाली देवळात भेटली की आपले असेच होते. टोपली नाही, तागडी नाही, बाजार नाही, मग ही कोण? आणि पुष्कळदा माणूस कोण, काय करतो, कोठे राहतो हे सगळे आठवले, पण नाव आठवले नाही.

याच्या उलट प्रकार मात्र एकदाही नोंदला गेला नाही. 'याचे नाव मला ठाऊक आहे, पण हा कोण हे आठवत नाही', असे चेहरा पाहून कोणालाही झाले नाही! यावरून पुढच्याच वर्षी विकी ब्रूस आणि अँड्र्यू यंग यांनी ओळखण्याच्या पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी, हा चेहरा पूर्वी पाहिलेला आहे. दुसरी, हा माणूस अमुक अमुक. तिसरी, याचे नाव तमुक. दुसरी पायरी चढल्याशिवाय तिसरी हाती येत नाही, आणि दुसरीवर पोचलो तरी तिसरी गाठता येईलच असे नाही. लग्नघरात तुम्ही नेमके दुसऱ्या पायरीवर उभे होता.

सुतार आणि सुतार

पण तिसरी पायरी एवढी निसरडी का? नावे लांब असतात, अवघड असतात म्हणून? तसे नाही. १९८७ साली ब्रिटनमध्ये झालेला एक प्रयोग याचे उत्तर देतो. इंग्रजीत काही शब्द असे आहेत की ते आडनावही असतात आणि धंद्याचे नावही. 'बेकर' म्हणजे पाव भाजणारा आणि बेकर हे आडनावही. 'कुक' म्हणजे स्वयंपाकी आणि कुक हे आडनावही. संशोधकांनी अनोळखी माणसांची छायाचित्रे दाखवून कधी 'यांचे आडनाव बेकर', तर कधी 'हे बेकर आहेत', असे शिकविले. शब्द तोच, अक्षरे तीच, उच्चार तोच. तरीही धंदा म्हणून सांगितलेला शब्द लोकांना सहज आठवला आणि आडनाव म्हणून सांगितलेला तोच शब्द विसरला गेला.

आपल्या मराठीत असे शब्द कितीतरी आहेत. समजा, कोणी सांगितले की, 'हे गृहस्थ सुतार आहेत.' लगेच आपल्या डोळ्यांसमोर रंधा येतो, करवत येते, कानावर खोचलेली पेन्सिल येते, लाकडाच्या भुशाचा वास येतो. सुतार या एका शब्दाला मेंदूत पन्नास धागे जोडलेले असतात. त्यांतला कोणताही एक धागा ओढला तरी शब्द हाती लागतो. आता कोणी सांगितले, 'हे श्री. सुतार, बँकेत असतात.' येथे रंध्याचा उपयोग नाही आणि करवतीचाही नाही. हे सुतार लाकडाला हातही लावीत नसतील. अर्थाचे सगळे धागे तुटले आणि उरली ती नुसती चिठ्ठी. ती चिठ्ठी चेहऱ्याला एकाच धाग्याने बांधलेली असते. तो धागा सुटला की नाव गेले.

नाव म्हणजे अशी चिठ्ठी. श्री. सुतारांच्या जागी श्री. जोशी असते तरी त्यांच्या चेहऱ्यात, स्वभावात किंवा नोकरीत काही फरक पडला नसता. नाव विसरण्याचे खरे कारण येथे आहे. त्यात बुद्धीचा दोष नाही आणि बहुतेक वेळा आपुलकीचा अभावही नाही.

आणखी एक कारण आहे. चेहरा ओळखायचा असतो तेव्हा तो समोर हजर असतो आणि आपल्याला फक्त 'होय' किंवा 'नाही' म्हणायचे असते. नाव मात्र शून्यातून काढून आणावे लागते. परीक्षेत योग्य पर्याय निवडणे सोपे आणि रिकाम्या जागा भरणे कठीण, तसेच हे. १९७५ साली हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत शाळा सोडलेल्या ३९२ जणांची परीक्षा घेतली. काहींना शाळा सोडून थोडेच महिने झाले होते, तर काहींना जवळजवळ पन्नास वर्षे! तेथील शाळा दरवर्षी सर्व विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक काढतात. त्यामुळे जुने चेहरे आयते मिळाले. पाच छायाचित्रांतून आपला वर्गमित्र निवडायला सांगितले तर सुमारे ३५ वर्षांनंतरही दहांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. नावांच्या यादीतून वर्गातील नाव ओळखणेही बरेच जमले. पण छायाचित्र दाखवून 'आता याचे नाव सांगा' म्हटले, की गाडी अडू लागली, आणि वर्षे उलटली तसतशी अधिकच अडत गेली.

ऐकलेच नाही तर आठवणार काय?

पुष्कळ नावे आपण विसरतो असे म्हणणेसुद्धा चूक आहे, कारण ती आपण मुळी ऐकलेलीच नसतात. शिबिराच्या पहिल्या दिवशी मुले गोल करून बसतात आणि प्रत्येक जण उभा राहून आपले नाव व गाव सांगतो. तुमच्या आधी बसलेल्या मुलाचे नाव तुम्हाला नंतर आठवते का? बहुधा नाही. कारण तो बोलत होता तेव्हा तुम्ही मनात स्वतःचे वाक्य जुळवीत होता. १९७३ साली माल्कम ब्रेनर यांनी लोकांना असेच बसवून एकेकाला पाळीपाळीने शब्द वाचायला लावले. नंतर विचारले तर आपली पाळी येण्याच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्दच सर्वांत कमी आठवले. कानांवर आवाज पडला होता, पण लक्ष दुसरीकडे होते. जे नोंदलेच नाही ते कोणतीही स्मरणशक्ती परत देऊ शकत नाही.

मग काय करावे?

मेंदूचे हे वागणे लक्षात घेतले तर उपाय आपोआपच सुचतात.

पहिला उपाय, नाव नीट ऐका. ऐकू आले नाही तर त्याच वेळी पुन्हा विचारा. "माफ करा, नाव नीट ऐकू आलं नाही", असे म्हटल्याने कोणालाही राग येत नाही. उलट आपले नाव कोणी आवर्जून विचारले याचे त्याला बरेच वाटते. महिनाभर रोज भेटून झाल्यावर हाच प्रश्न विचारणे मात्र कठीण होऊन बसते.

दुसरा उपाय, चेहरा चेहऱ्यासारखा पाहा. केस, चष्मा, शर्टाचा रंग या खुणा उद्या बदलतील. त्याऐवजी मनात एखादा प्रश्न विचारा. हा माणूस मनमोकळा असेल का? हा गोष्टी छान सांगत असेल का? १९७४ साली अमेरिकेतील गॉर्डन बॉवर व मार्टिन कार्लिन यांना असे आढळले की, छायाचित्रातील व्यक्ती प्रामाणिक वाटते का, आवडण्यासारखी वाटते का, याचा विचार करणाऱ्यांना ते चेहरे नंतर चांगले ओळखता आले. छायाचित्र पुरुषाचे की स्त्रीचे एवढेच पाहिले होते तेव्हा ते तितकेसे ओळखता आले नाहीत. तुमचा अंदाज खरा असण्याची गरज नाही, आणि त्यावरून त्या माणसाविषयी मत तर मुळीच बनवू नका. चेहऱ्याकडे क्षणभर मन लावून पाहिले जाते, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरा उपाय, तुटलेले धागे पुन्हा जोडा. नाव निरर्थक चिठ्ठी असते, म्हणून तिला अर्थ द्या. पेडणेकर म्हटले की गोव्यातील पेडणे गाव, सातारकर म्हटले की अजिंक्यतारा किल्ला. वर्षा नावाची मुलगी भेटली तर ती छत्री न घेता पावसात उभी आहे असे चित्र मनात रंगवा. श्री. सुतार बँकेच्या टेबलावर रंधा मारीत आहेत, असे चित्र तर कधीच विसरणार नाही! कल्पना जितकी विक्षिप्त तितकी ती पक्की बसते. फक्त ती त्यांना सांगू नका.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय, उजळणी करा, पण वाढत्या अंतराने. १९७८ साली टॉमस लँडॉवर आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी नावे शिकविण्याचाच प्रयोग केला. एखादे नाव लागोपाठ घोकण्यापेक्षा थोड्या वेळाने, मग त्याहून अधिक वेळाने, असे अंतर वाढवीत स्वतःहून आठवले तर ते अधिक पक्के होते, असे त्यांना दिसून आले. नाव ऐकताच एकदा उच्चारा, "असं का, वर्षा!" अर्ध्या मिनिटाने मनात आठवा. दोनतीन मिनिटांनी पुन्हा आठवा. निरोप घेताना नावाने हाक मारा. रात्री झोपताना दिवसभरात भेटलेल्या नव्या माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर आणून त्यांना नावे द्या. प्रत्येक वेळी नाव वाचायचे नाही, तर आठवायचे, हे पथ्य पाळा. तुमच्या धड्यांनाही हीच रीत लागू पडते.

एवढे करूनही नाव अडलेच तर घाबरू नका. ओठांवर आलेल्या शब्दाचे पहिले अक्षर पुष्कळदा ठाऊक असते. ते धरून प्रयत्न करा. नाही जमले तर सरळ सांगा, "तुम्ही दिवाळीत आमच्याकडे आला होता, सापाची गोष्ट सांगितली होती. नाव मात्र आत्ता आठवत नाही." जेवढे आठवते तेवढे सांगितले की, समोरच्याला आपण विसरले गेलो नाही हे कळते.

दहा जणांची यादी

शेवटी एक लहानसा प्रयोग. कागदावर दहा ओळी आखा. शाळेला जाता-येता आणि शाळेत जी मोठी माणसे तुम्हाला रोज दिसतात, त्यांतील दहा जण निवडा. शिक्षक मात्र त्यांत घेऊ नका. घंटा वाजविणारे शिपाईमामा, वर्ग झाडणाऱ्या मावशी, फाटकाजवळ चिंचा-बोरे विकणाऱ्या आजी, रिक्षाचे काका, ग्रंथालयात पुस्तके लावणारे दादा. प्रत्येकाचा चेहरा डोळ्यांसमोर येतो का? नक्की येईल. आता प्रत्येकासमोर नाव लिहा.

बहुतेकांच्या कागदावर पुष्कळ जागा रिकाम्या राहतील. या जागा विसरल्यामुळे रिकाम्या राहिलेल्या नाहीत. ती नावे आपण कधी विचारलीच नाहीत. 'मामा', 'मावशी' म्हणण्यात गोडवा आहे, पण त्यामुळेच नाव विचारायचे राहून जाते. वर सांगितलेले चारही उपाय त्यानंतरचे आहेत. आधी नाव विचारावे लागते. उद्या त्यांतील दोघांना विचारा, परवा आणखी दोघांना. आठवड्यात यादी पुरी होईल. मग पुढच्या आठवड्यात कागद न पाहता ती पुन्हा लिहून पाहा.

आणि तुम्ही मोठे झाल्यावर एखाद्या लग्नात कोणी लहान मुलगा पाणी वाढायला आला, तर त्याची परीक्षा घेऊ नका. 'ओळखलंस का?' असे न विचारता आपले नाव आपणच सांगा, "मी अमुक, गेल्या दिवाळीत तुमच्याकडे आलो होतो." त्याची तिसरी पायरी सोपी होईल, आणि तुमचे नाव त्याच्या लक्षात राहील.